जुन्या मालमोटारीच्या मागील आंसाचें दंतप्रमाण

फोर्ड कंपनीच्या १९२८ ते १९३१ या काळांतील 'एए' मालमोटारी कांहीं हौशी मालकांनीं आजही चालत्या ठेविल्या आहेत. अशी मोटार रस्त्यावर फार हळू चालते व इंजिन ओरडतें, अशी तक्रार झाली कीं मागील आंसांतील दंतचक्रें बदलण्याचा सल्ला दिला जातो. तो मानण्यापूर्वीं मूळ प्रमाण कोणतें व बदलानें काय मिळतें, काय जातें, हें समजून घेणें इष्ट आहे.

आंसांत पिनियनचें लहान चक्र क्राऊनच्या मोठ्या चक्रास फिरवितें. क्राऊनच्या दांत्यांच्या संख्येस पिनियनच्या दांत्यांच्या संख्येनें भागिलें असतां जें येतें, तें दंतप्रमाण. आरंभींच्या 'एए' मोटारींत वर्म-पद्धतीचीं चक्रें होतीं. पुढें स्पायरल बेव्हल चक्रें आलीं. या दुसऱ्या प्रकारांत ६.६ व ५.१४ अशीं दोन प्रमाणें मिळत.

प्रमाण ओळखण्यास आंस उघडावा लागत नाहीं. पुढील दोन्ही चाकांस व एका मागील चाकास दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावे. दुसरें मागील चाक जॅकनें उचलून आंसाखालीं भक्कम टेकू द्यावा. इग्निशन बंद करून प्लग काढावे, हातब्रेक सोडावा, सर्वांत वरचा गिअर घालावा व इंजिन हँडलनें फिरवावें. एक चाक अडलेलें असल्यामुळें डिफरन्शिअलच्या योगानें क्राऊनच्या एका फेऱ्यास मोकळें चाक दोन फेरे घेतें. म्हणून चाकाचे वीस फेरे मोजावे. तेवढ्यांत हँडलचे ६६ फेरे झाल्यास प्रमाण ६.६, एक्कावन्नाहून किंचित अधिक झाल्यास ५.१४ समजावें.

आतां हिशेब पाहूं. टायरचा व्यास ३२ इंच धरल्यास एक किलोमीटर जाण्यास ६.६ प्रमाणांत इंजिनाचे सुमारें २,५८५ फेरे होतात, ५.१४ मध्यें सुमारें २,०१३. इंजिनाच्या त्याच गतीवर मोटारीचा वेग २८ टक्के वाढतो. परंतु चाकावरील ओढ २२ टक्के घटते. इंजिनाची शक्ति वाढत नाहीं. तिची वांटणी मात्र बदलते.

चक्रें बदलतांना क्राऊन व पिनियन नेहमीं जोडीनेंच घ्यावीं. तीं एकमेकांशीं घांसून जुळविलेलीं असतात. एकाची जोड दुसऱ्याशीं लावल्यास आंस ओरडतो व दांते लौकर झिजतात. बसविल्यावर क्राऊनच्या दांत्यांस तेलांत कालविलेला शेंदूर लावून चक्र फिरवावें. उमटणारा ठसा दांत्याच्या मध्यभागीं यावा. तो शेंड्याकडे आला तर पिनियन क्राऊनकडे सरकवावें. मुळाकडे आला तर मागें घ्यावें. दांत्यांत किंचित मोकळीक अवश्य ठेवावी. अगदीं घट्ट बसविलेलीं चक्रें तापून बिघडतात. वेगमापक आंसाकडे जाणाऱ्या दांड्यावरून चालत असल्यास बदलानंतर तो खऱ्याहून कमी वेग दाखवील, हेंही ध्यानांत असावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. या मोटारीचे ब्रेक दांड्यांनीं ओढले जाणारे यांत्रिक ब्रेक आहेत. चक्रें बदलल्यानें त्यांत तिळमात्र सुधारणा होत नाहीं. उलट उतारावर इंजिनाकडून मिळणारा अटकावही ओढीच्याच प्रमाणांत घटतो. भरलेली गाडी घेऊन घाट उतरतांना हा तोटा जिवावर बेतूं शकतो.

सारांश, सपाट रस्त्यावर रिकामी वा हलकी मोटार चालविणारानें ५.१४ घेण्यास हरकत नाहीं. ज्यास भार घेऊन चढ-उतार करावयाचा आहे, त्यानें ६.६ च राखावें आणि सावकाश जाण्यांतच हित मानावें.