पडद्यावरचा दादा, पडद्यावरची ताई

‘मुलगा घरात कुणाशी धड बोलत नाही. पण मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ तासन् तास पाहतो, त्याला दादा म्हणतो. तो माणूस याला ओळखतसुद्धा नाही. हे काही मानसिक दुखणे तर नव्हे?’ दहावी-बारावीतल्या मुलामुलींचे आईवडील हल्ली असे वारंवार विचारतात. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि तालुक्याच्या गावांतूनही हा प्रश्न ऐकू येऊ लागला. म्हणून आज या विषयाची थोडी सविस्तर माहिती घेऊ.

प्रथम पालकांच्या मनातली भीती दूर करतो. हे दुखणे नव्हे. मात्र त्याकडे डोळेझाक करावी असेही नाही.

हे नाते कसले?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली या प्रकाराचे वर्णन केले. त्या वेळी नवलाई होती ती रेडिओ आणि टेलिव्हिजनची. निवेदक श्रोत्यांशी समोर बसल्यासारखा बोलतो आणि ऐकणाऱ्याला हा आपल्या ओळखीचाच आहे असे वाटू लागते. ही जवळीक खरी असते, पण एकतर्फी असते.

आपल्याकडच्या आजी-आजोबांना हा अनुभव नवा नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानींचा आवाज ऐकताच तो माणूस आपल्याच घरात येऊन बोलतो आहे असे लोकांना वाटे आणि त्यांच्याकडे पत्रांचे ढीग जात. तेव्हा कुणी त्या श्रोत्यांना वेडे ठरवले नाही. आजच्या व्हिडिओवाल्यांत फरक एवढाच, की ते स्वतःच्या खोलीतून, घरच्या कपड्यांत, थेट डोळ्यांत पाहून बोलतात. आपल्या नापासाच्या, एकटेपणाच्या, आजाराच्या गोष्टीही सांगतात. साहजिकच जवळीक अधिक वाटते.

किशोरवयातच ओढ का?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरवय मानते. या वयात भावना आणि सुखाची ओढ यांच्याशी संबंधित मेंदूचा भाग लवकर जोर धरतो. विचार करून आवर घालणारा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे छोटा अपमानही या मुलांना डोंगराएवढा वाटतो. त्यातच ‘मी कोण, मला काय व्हायचे आहे’ हा शोध चालू असतो. आईवडिलांची री ओढायची नसते आणि स्वतःची वाट सापडलेली नसते. अशा वेळी पाच-दहा वर्षांनी मोठा असलेला, ‘मीही यातून गेलो आहे’ असे सांगणारा कुणीतरी लागतो. पूर्वी हे काम मामेभाऊ, वाड्यातली ताई किंवा तालमीतला दादा करी. आता कुटुंबे लहान झाली, मुले शिकवणीच्या वेळापत्रकात अडकली आणि ती जागा पडद्याने घेतली.

फायदा होतो का?

निश्चित होतो. तोतरेपणा, अंगावरचे कोड, लठ्ठपणा, परीक्षेची धास्ती यांबद्दल मूल घरी बोलायला लाजते. तीच गोष्ट कुणी उघडपणे बोलताना दिसले की ‘असा मी एकटाच नाही’ हे त्याला कळते. मनावरचा अर्धा भार तिथेच उतरतो. चित्रकला, स्वयंपाक, सायकल दुरुस्ती, विज्ञानाचे प्रयोग अशा कितीतरी गोष्टी मुले या माणसांना पाहून शिकतात. ठाण्याच्या प्राजक्ता कोळी यांनी रेडिओ निवेदिका होण्याचे स्वप्न पाहिले होते. ते साधले नाही. पुढे २०१५ साली त्यांनी व्हिडिओ करायला सुरुवात केली आणि नाव कमावले. एक वाट बंद झाली म्हणजे सगळे संपले असे नव्हे, हे मुलांना अशा उदाहरणांतून पटते. तेच आपण सांगितले तर उपदेश वाटतो.

एक बोलके उदाहरण

अमेरिकेतील जॉन आणि हँक ग्रीन या भावांनी १ जानेवारी २००७ पासून एकमेकांना उद्देशून व्हिडिओ करण्यास सुरुवात केली. त्यांच्याभोवती हजारो किशोरवयीन मुले जमली. जॉन ग्रीन यांनी आपल्याला मंत्रचळाचा आजार आहे आणि आपण उपचार घेतो, हे जाहीरपणे सांगितले आहे. मानसिक आजारावर औषध घेण्यात लाज कसली, हे त्यामुळे अनेक मुलांना कळले.

त्या मुलांत एस्थर अर्ल नावाची मुलगी होती. २००६ साली तिला थायरॉईडचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. पुढे तिला ऑक्सिजनची नळी लावावी लागली, शाळा सुटली. या व्हिडिओंच्या निमित्ताने तिला इंटरनेटवर समवयस्क मैत्रिणी-मित्र मिळाले आणि ते तिच्याशी शेवटपर्यंत बोलत राहिले. ऑगस्ट २०१० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी ती गेली. जॉन ग्रीन यांनी २०१२ साली ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही कादंबरी तिला अर्पण केली. ‘दिल बेचारा’ हा २०२० सालचा हिंदी चित्रपट याच कादंबरीवर बेतलेला आहे.

यातील एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्या वाढदिवशी, ३ ऑगस्टला, दरवर्षी एक दिवस पाळायचा असे ठरले तेव्हा तो कशासाठी असावा, हे तिलाच विचारण्यात आले. तिने सांगितले, घरच्यांवर आणि मित्रमैत्रिणींवर आपले प्रेम आहे हे त्यांना बोलून दाखवण्यासाठी. पडद्यावरून मिळालेला दिलासा तिने घरच्या माणसांकडे वळवला. तो तसा वळला, तरच आरोग्याला हितकारक ठरतो.

धोका कुठे?

पडद्यावरचा दादा धीर देतो, पण आपल्या मुलाने आज जेवण टाकले हे त्याला दिसत नाही. रात्री मूल उशीत तोंड खुपसून रडले, तरी त्याला ऐकू जात नाही. ते पाहणारे, ऐकणारे घरातच असावे लागते.

दुसरे असे, की आपण जे पाहतो त्याच धर्तीचे आणखी व्हिडिओ यंत्रणा आपोआप पुढे करते. उदास मूल उदासीचेच व्हिडिओ पाहू लागले, तर त्यातच बुडत जाते. तिसरे, यातील पुष्कळांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते. गोरेपणाची क्रीम, वजन घटवण्याची पावडर, दंड फुगवण्याचे डबे यांची शिफारस दादाने केली म्हणून ती वैद्यकीय सल्ला ठरत नाही. चौथे म्हणजे झोप. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी. ती तुटली की चिडचिड, विसराळूपणा आणि उदासी वाढते.

पालकांनी काय करावे?

१. मोबाईल हिसकावून घेऊ नये. मुलाला तेवढाच एक आधार वाटत असेल, तर तो एकदम तोडल्याने ते अधिकच एकटे पडते आणि पुढचे सारे लपवू लागते.

२. शेजारी बसून एखादा व्हिडिओ पाहावा. ‘तुझा हा दादा काय सांगतो, मलाही दाखव’ असे म्हणावे. थट्टा मात्र करू नये. मूल काय ऐकते यावरून त्याला काय सलते आहे, हे बहुधा कळून येते.

३. रात्री मोबाईल सर्वांनीच, वडिलांनीसुद्धा, बाहेरच्या खोलीत ठेवावा.

४. जे पाहिले ते हाताने करू द्यावे. चित्र पाहणाऱ्याला रंग आणून द्यावेत, व्यायाम पाहणाऱ्याला मैदानावर पाठवावे.

५. दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी एकत्र घ्यावे आणि त्या वेळी मार्कांचा विषय काढू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दर सात किशोरवयीनांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. त्यामुळे ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, आवडीच्या गोष्टींतही रस न वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, मित्र तोडणे, अंगावर कापून घेतल्याच्या खुणा, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ यांसारखे उद्गार यांपैकी काही आढळल्यास वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. मनात जीव देण्याचा विचार येतो का, हे मुलाला शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाला बोलायला वाट मिळते. ‘येतो’ असे उत्तर आले, तर मुलाला एकटे सोडू नये. घरातील औषधे आणि शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जिल्हा रुग्णालयात या आजारांवर सल्ला आणि उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस चालू असतो, शुल्क पडत नाही आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक मुलांनाही देऊन ठेवावा.

मुलाला कुणीतरी दादा, कुणीतरी ताई लागणारच. पडद्यावर ती सापडली असेल तर राग मानू नये. मात्र आज रात्री जेवताना त्याचे नाव विचारा, आणि मूल सांगू लागले की मध्येच न बोलता शेवटपर्यंत ऐका.