महिन्याला ३८ डॉलर आणि एक पत्र

२०१५ साली मी ऑनसाइट डॅलसला गेले, तेव्हा शेजारच्या क्युबिकलमध्ये एक फोटो लावलेला होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, तेल लावून चापून बसवलेले केस. अगदी आपल्याकडची मुलगी! क्युबिकल मात्र पंचावन्नच्या टेक्सन बाईचं.

‘ही माझी मुलगी,’ ती म्हणाली. मग हसून, ‘म्हणजे स्पॉन्सर केलेली. तमिळनाडूची. तुझ्या गावाजवळच असेल ना?’ पुण्याहून ट्रेनने जवळजवळ एक दिवस लागतो हे ऐकून तिचा चेहराच पडला.

नऊ वर्षांची ही मुलगी अनाथ नव्हती. आई-वडील मजुरी करायचे. ती घरीच राहायची, नेहमीच्या शाळेत जायची आणि शाळेनंतर जवळच्या चर्चच्या सेंटरवर. तिथे जेवण, ट्यूशन, डॉक्टरी तपासणी आणि बायबलचे धडे. त्यासाठी टेक्सासहून महिन्याला ३८ डॉलर निघायचे. आपल्या दोन पिझ्झांचा खर्च!

या कल्पनेचा उगम कोरियात आहे. युद्धाच्या काळात, १९५२ मध्ये, एव्हरेट स्वॉन्सन हे अमेरिकन पाद्री तिथे गेले आणि रस्त्यावरची अनाथ मुलं पाहून हादरले. त्यांच्या कामातून ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ उभी राहिली. १९६८ मध्ये ती भारतात आली. आणि गंमत बघा, २००३ पासून तोच दक्षिण कोरिया दुसऱ्या देशांतल्या मुलांना स्पॉन्सर करतोय.

बायबल कशाला?

मला एक गोष्ट खटकत होतीच. एकदा लंचला धाडस करून विचारलं, ‘शाळेला मदत ठीक आहे गं, पण सोबत बायबल कशाला?’

ती चिडली नाही. ‘फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी त्यासाठीही पैसे देते. ख्रिश्चन व्हायलाच हवं अशी अट नाही. पण मी श्रद्धेतून देते, तर ते लपवू कशाला?’

उत्तर पटलंही आणि नाहीही. पोराच्या जेवणाचा प्रश्न असेल, तर गरीब घराला ‘नको’ म्हणणं कितीसं सोपं असतं?

फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगं, हे भांडण आपल्या पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच झालंय.’ खरंच की! पंडिता रमाबाईंना मदत करण्यासाठी १८८७ मध्ये बोस्टनला असोसिएशन निघाली, दहा वर्षं पैसे पाठवायचं ठरलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेकांनी मुली काढून घेतल्या. पण याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केलं. त्या हिंदूच राहिल्या आणि पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी स्वतः वर्गणी गोळा करू लागल्या. भीतीही खरी होती आणि शिक्षणही खरं होतं.

शेवटचं पत्र

२०१६ मध्ये आपल्या सरकारने कम्पॅशनच्या निधीला पूर्वपरवानगीची अट घातली. पैसा धर्मांतराला जातो असा आक्षेप होता, संस्थेने तो नाकारला. १५ मार्च २०१७ ला भारतातलं काम बंद झालं. जवळपास दीड लाख मुलांची स्पॉन्सरशिप संपली.

त्याआधीचं शेवटचं पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. ‘तूच वाच ना, इंग्लिश भाषांतर कोरडं वाटतं.’ मला तमिळ कुठे येतं! टेस्टिंगमधल्या चेन्नईच्या मुलाला हाक मारली. आंब्याचं चित्र, परीक्षेचे मार्क आणि शेवटी, ‘तुमचा गुडघा आता दुखत नाही ना? मी रोज प्रार्थना करते.’

ती उठून वॉशरूमला गेली. दहा मिनिटांनी आली आणि म्हणाली, ‘सुट्टीत घरी जाशील तेव्हा शोधशील तिला?’ पत्ता नव्हता. शिवाय संस्थेला वगळून मुलांशी संपर्क करायचा नाही, हा नियम मुलांच्याच सुरक्षेसाठी असतो. मी नाही म्हटलं. ते ‘नाही’ अजून बोचतं.

या स्पॉन्सरशिपचा उपयोग होतो का? भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांहून जास्त जणांचा अभ्यास २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आला. स्पॉन्सर मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. म्हणजे होतो.

पुण्यात परतल्यावर मीही एका मुलीच्या हॉस्टेलचा खर्च उचलला. संस्था कुठल्याच धर्माची नाही, ती माझी निवड. पण देण्याआधी तीन प्रश्न विचारले. पैसे कशाकशाला जातात? मुलीला एखाद्या तासाला बसायचं नसेल, तर चालेल का? आणि उद्या मी किंवा संस्था थांबलो, तर तिचं काय? तुम्हीही विचारा. आणि पैशांसोबत पत्रही पाठवा.

डॅलसच्या त्या डेस्कवर आता युगांडातल्या एका मुलाचा फोटो आहे. दोन वेण्यांचा फोटोही तिने काढलेला नाही. ती मुलगी एव्हाना कॉलेजच्या वयाची झाली असेल. गुडघा बरा आहे, हे तिला कळवायचं मात्र राहूनच गेलं.