किल्ली कुणाकडे?

विजयदुर्गाच्या किल्ल्यात पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास चकतो. तीन बाजूंनी पाणी आणि समोर काळा कातळी तट दिसतो, पण आत शिरायचा दरवाजा काही दिसत नाही. तटाच्या कडेकडेने जाऊन वळण घेतले की दोन बुरुजांच्या कुशीत दडलेला दरवाजा एकदम समोर येतो. या रचनेला गोमुखी म्हणतात. दरवाजा फोडायला आणलेल्या हत्तीला धावत यायला सरळ वाट मिळू नये, तोफेचा गोळाही थेट फळीवर बसू नये, आणि वळणात अडकलेल्या शत्रूवर वरून मारा करता यावा, असा यात हिशेब आहे. आधी दार लपवायचे आणि मग ते बंद करायचे, असा हा कारभार.

गेल्या हंगामाच्या तोंडावर वैभववाडी भागातले उसाचे प्लॉट बघायला घाट उतरून गेलो होतो. शनिवारी काम आटोपलं, रविवार हातात होता, म्हणून तळेऱ्याहून तसाच पुढं विजयदुर्ग गाठला. बरोबर आमचे गटातले एक शेतकरी होते. दारापाशी उभं राहून ते म्हणाले, "साहेब, दार एवढं दांडगं. पण ह्याची किल्ली कुणाकडं असायची हो?"

प्रश्न साधा वाटला, पण तो महिनाभर डोक्यातून गेला नाही. सभासद बंधूंपुढे हा लेख मांडतो आहे तो त्या प्रश्नापायीच.

आपल्या गडांच्या दरवाज्यांना मुख्य आधार असे तो अडसराचा. दाराच्या मागे दोन्ही बाजूंच्या भिंतींत खोबणी असतात. लाकडाचा जाड वासा एका खोबणीतून ओढून दुसऱ्या खोबणीत सारायचा. कोणत्याही गडावर गेलात तर या खोबणी हाताने चाचपून बघा. मोठ्या दाराला बारकी दिंडी ठेवीत, म्हणजे येणाऱ्याने एकेकट्याने आणि मान वाकवून यावे. वर कडी, कोयंडा आणि कुलूप. दार संध्याकाळी लावणे आणि सकाळी उघडणे हे हवालदाराचे काम, आणि किल्ल्याही त्याच्या स्वाधीन. रायगडावरची हिरकणी आपण शाळेत ऐकली. सूर्यास्तानंतर दार उघडले नाही म्हणून ती कडा उतरून बाळाकडे गेली, अशी आख्यायिका. ऐकताना आपले लक्ष त्या माऊलीकडे जाते, पण दारावरचा पहारेकरीही बघण्यासारखा आहे. तिची कीव त्यालाही आली असेल, पण उघडण्याचा अधिकार त्याचा नव्हता.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट सभासदाच्या बखरीत सापडते. (हा सभासद म्हणजे बखरकार कृष्णाजी अनंत, शेअर्स घेतलेला नव्हे!) शिवाजी महाराजांनी गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे एका तोलाचे अधिकारी नेमले आणि तिघांनी मिळून कारभार करावा असे ठरवले. एकटा फितला तरी गड शत्रूच्या हवाली होऊ नये, ही त्यातली मेख. विजयदुर्ग महाराजांनी १६५३ साली घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झाला.

आता याच किल्ल्याची दुसरी बाजू. १७५५ साली पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या जहाजांनी समुद्राकडून तोफा डागल्या, क्लाइव्ह फौज घेऊन जमिनीवर उतरला, आणि आंग्र्यांचे आरमार खाडीत जळून गेले. तुळाजी त्या वेळी किल्ला नातलगाच्या हाती सोपवून पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेला होता. कराराप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळायचा होता. पण आत आधी शिरले इंग्रज. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपसात वाटून घेतली आणि किल्ला दाबून ठेवला. ऑक्टोबर १७५६ मध्ये बाणकोट आणि काही गावे पदरात पडली तेव्हा कुठे तो सोडला. करार एकाच्या नावाचा आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असे झाले म्हणजे काय होते ते यात दिसते.

किल्ल्यातून परत येताना मला एका सेवा सोसायटीचं खताचं गोदाम आठवलं. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. बरीच वर्षे झाली. पंचनाम्यात अठरा-सेहेचाळीसची तेवीस पोती कमी भरली. कुलूप शाबूत, कौल शाबूत, खिडकीचे गज जागच्या जागी. किल्ली कुठे असते म्हणून विचारलं तर ऑफिसच्या दारामागं, कॅलेंडराखालच्या खिळ्याला. सचिव घ्यायचा, शिपाई घ्यायचा, हमाल घ्यायचा, घाईत असला तर एखादा संचालकही घ्यायचा. कोण कधी नेतो आणि कधी ठेवतो याची नोंद शून्य. शेवटी आळ आला रात्रीच्या रखवालदारावर, कारण तो सगळ्यांत गरीब. खरं म्हणजे त्या खिळ्याची किल्ली कधी न घेतलेला तो एकटाच असेल. त्याच्या पगारातून वसुली लावली. चार महिन्यांनी त्यानं काम सोडलं आणि गावही सोडलं. पोती कुणी नेली ते आजतागायत कळलेलं नाही. पंचनाम्यावर माझीही सही आहे. खिळ्याबद्दल मी त्यात एक ओळ लिहायला हवी होती, ती लिहिली नाही.

कुलूप भक्कम करण्याचा खटाटोप जगात पुष्कळ झाला. किल्ली सांभाळण्याची युक्तीही यंत्रातच बसवावी असे वाटणारे कारागीर मात्र मोजके, आणि मला त्यांचेच जास्त कौतुक वाटते. पूर्वीच्या साध्या कुलपात नुसते आडवे अडथळे असत. वाकवलेली तार त्यांना चुकवून आत जाई. १७७८ साली इंग्लंडात बॅरन नावाच्या गृहस्थाने लिव्हरचे कुलूप काढले. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटात एकावर एक रचलेल्या धातूच्या पट्ट्या. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी ठराविक उंचीवर उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या तरच आतला दट्ट्या सरकतो. दुकानात आपण सहा, सात किंवा आठ लिव्हरचे कुलूप मागतो ते हेच.

पुढे १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. सरकारने अस्सल किल्लीवाचून न उघडणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावले. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये जे कुलूप केले त्याची गंमत अशी, की कुणी खोटी किल्ली घालून खटपट केली आणि एखादी पट्टी जास्त उचलली गेली, तर आतला एक खटका अडकून बसे. मग मालकाची खरी किल्लीसुद्धा चालेना! म्हणजे मालकाला लगेच कळे की आपल्यामागे कुणीतरी हात मारून गेला आहे. चोराला अडवणारे कुलूप पुष्कळांनी केले, पण धन्याला चुगली सांगणारे कुलूप ही मोठी अक्कल. तीही अभेद्य ठरली नाही. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने हे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले. ब्रामा कंपनीने उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी देऊ म्हणून दुकानाच्या खिडकीत मांडलेले कुलूपही त्याने सोडवले. त्याला मात्र सोळा दिवसांत मिळून पन्नासएक तास लागले.

आपल्याकडे हे काम मनावर घेतले ते अर्देशीर गोदरेज यांनी. मूळचे वकील, पण खोटे बोलणे जमेना म्हणून वकिली सोडली. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवून पाहिली, तो धंदा बसला. मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या वाचून १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि १९०२ पासून तिजोऱ्या. त्यांनी बिनस्प्रिंगचे कुलूप केले, कारण स्प्रिंग तुटली की कुलूप ठप्प. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या माणसाला याची किंमत जास्त कळेल. विजयदुर्गात आम्ही जेवलो त्या खाणावळीच्या मालकाने कुलपात खोबरेल सोडताना पाहिले. तेल पुढे चिकट होऊन धूळ धरते, त्यापेक्षा शिसपेन्सिलीची पूड घाला म्हणून सांगून आलो. असो. गोदरेजांचे एक कुलूप दोन किल्ल्यांचे होते. उघडायला दोन्ही चालत, पण दुसऱ्या किल्लीने आतली रचना अशी बदलता येई की पहिली निकामी व्हावी. नोकराला दिलेली किल्ली परत मिळाली नाही तरी धनी निर्धास्त. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याच कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्यात लाखो मतपेट्या तयार झाल्या. पेटीगणिक बाहेरचे कुलूप परवडेना, म्हणून बंदोबस्त पेटीच्या आतच बसवला.

अमेरिकेत वेगळाच घोटाळा झाला. दरोडेखोर तिजोरी फोडत बसण्याऐवजी रात्री खजिनदाराचे घर गाठू लागले आणि बायकापोरांसमोर त्याला मारहाण करून किल्ली किंवा आकडे वदवून घेऊ लागले. १८७३ मध्ये जेम्स सार्जंट याने तिजोरीला घड्याळ जोडले. ठरलेली वेळ झाल्याखेरीज खजिनदारालाही तिजोरी उघडता येत नाही. ही गोष्ट जाहीर असल्यामुळे त्याच्या घरी जाण्यात अर्थच उरला नाही. या कुलपाने पैसा राखला, तसा माणूसही राखला.

आता आपल्या आवारात येऊ. पहिली उचल आणि ऊसबिल ज्या पैशातून निघते त्यातला मोठा वाटा साखरेवर बँकेकडून घेतलेल्या मालतारण कर्जाचा असतो. ऊस तुटून आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण साखर काही चौदा दिवसांत विकली जात नाही. म्हणून ती गहाण पडते. भारतीय करार कायद्यात (१८७२) तारण म्हणजे मालाचा ताबा देणे. हजारो पोती उचलून बँकेत थोडीच नेता येतात! तेव्हा बँक आपले कुलूप लावते, किल्ली आपल्याकडे ठेवते, आणि किल्ली गेली म्हणजे ताबा गेला. शेजारी कारखान्याचे दुसरे कुलूप. दोन्ही किल्ल्या एका वेळी आल्याशिवाय पोते हलत नाही. काही सभासद विचारतात, "आपली साखर आणि बँकेचं कुलूप कशापायी?" त्याचे उत्तर हे, की त्या कुलपाच्या जोरावर तुमच्या खात्यात पैसे जमा झालेले असतात. तारणातली पोती परस्पर हलली, तर पुढच्या हंगामात आपल्या दारात बँक उभी राहणार नाही.

बँकेतले लॉकरही याच जातीचे. बँकेची किल्ली आधी फिरल्याशिवाय तुमची फिरत नाही आणि तुमच्याशिवाय बँकेला उघडता येत नाही. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने लॉकरमधले गेले तर वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँक जबाबदार राहते. तेव्हा लॉकरचा करार घरी फाईलला नीट लावून ठेवा. एक मजेशीर कुलूपही निघाले होते. किल्लीच्या भोकावर सही केलेली कागदी चिठ्ठी बसवायची, ती फाडल्याशिवाय किल्ली आतच जात नाही.

राहिली एक गोष्ट, आणि ती पैशापेक्षा मोठी आहे. बंद हंगामात दुरुस्ती चालू असताना फिटर गव्हाणीत किंवा कटरमध्ये उतरलेला असतो आणि वर कुणी अजाणता बटण दाबतो. अशाने माणसे गेली आहेत, हात गेले आहेत. यावर लोखंडी पंजासारखा एक साधा चिमटा मिळतो. मोटारीचा मुख्य स्विच बंद करून तो अडकवायचा. त्याला सहा भोके असतात. आत उतरणाऱ्या प्रत्येकाने आपले स्वतःचे कुलूप एकेका भोकात लावायचे आणि किल्ली खिशात घालून उतरायचे. पाच जण वर आले, एक आत आहे, तर एक कुलूप शिल्लक राहते आणि स्विच कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. चीफ इंजिनिअर जरी म्हणाला, "किती वेळ लावता?" तरी नाही. एका मोटारसायकलीच्या पेट्रोलच्या खर्चात ही सामग्री येते. ती मागणीपत्रात धरावी अशी शेती खात्यातला माणूस असूनही माझी विनंती आहे, कारण फिटर, वायरमन ही आपल्याच सभासदांची पोरं आहेत.

आमच्या गट ऑफिसात बियाणे-औषधांच्या खोलीची किल्ली खिळ्यालाच होती, हे कबूल केले पाहिजे. विजयदुर्गाहून आल्यावर तो खिळा पक्कडीनं उपटून काढला. आता किल्ली लाकडी पेटीत आणि शेजारी वही: कोणी नेली, किती वाजता, कशासाठी, परत कधी, सही. पहिल्याच आठवड्यात शिपायाने वही माझ्यापुढे आणून ठेवली. मंगळवारची एक ओळ अर्धी होती. किल्ली नेल्याची वेळ होती, परत केल्याची नव्हती. सही माझी होती.