‘हे नको’ असं कोण म्हणतं?

१९९७ साली अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात एक भन्नाट ‘ओळखा पाहू’ झालं. पियानोवर तीन रचना वाजणार होत्या. एक योहान सेबास्टियन बाखची. हा बाख म्हणजे १६८५ ते १७५० या काळात होऊन गेलेला, पाश्चात्त्य संगीतातला फार मोठा माणूस. दुसरी रचना तिथले संगीताचे प्राध्यापक स्टीव्ह लार्सन यांची, पण मुद्दाम बाखच्या धाटणीत केलेली. तिसरीही बाखच्याच धाटणीतली, फक्त ती केली होती एका संगणक प्रोग्रॅमने. वाजवायला बसल्या होत्या विनिफ्रेड केर्नर, लार्सन यांच्या पत्नी. म्हणजे तिन्ही वेळा बोटं माणसाचीच! श्रोत्यांनी नुसतं ओळखायचं, कोणती रचना कोणाची.

ऐकून झालं, मतं पडली आणि सगळा घोळ झाला. प्रोग्रॅमची रचना लोकांना अस्सल बाख वाटली. बाखची रचना लार्सन यांची वाटली. आणि ‘ही तर बुवा मशीनचीच’ असं जिच्याबद्दल ठरलं, ती होती बिचाऱ्या लार्सन यांची! तीही बायकोने मन लावून वाजवलेली. घरी जाताना दोघं काय बोलले असतील, कोण जाणे.

या प्रोग्रॅमला लाडाने एमी म्हणत. तो केला होता डेव्हिड कोप या संगीतकाराने. १९८०च्या सुमारास कोप यांना एक ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर करायचं नाटक, लिहायचा होता आणि काही केल्या सुचत नव्हतं. मग त्यांच्या डोक्यात आलं, पुढचा सूर सुचवणारा एखादा प्रोग्रॅमच लिहिला तर? गृहपाठ अडला की आपल्यालाही असंच काहीबाही सुचतं. पण कोप यांनी त्यापायी कित्येक वर्षं राबराब राबून काढली. काम टाळण्यासाठी एवढं काम करणारा माणूस विरळाच! सुरुवातीला त्यांनी प्रोग्रॅमला संगीताचे नियम शिकवले. बाहेर आलं ते बिनचूक आणि अगदी मचूळ. मग त्यांनी बाखच्या रचनाच त्याला दिल्या. त्यांचे बारीक तुकडे करायचे, कोणत्या तुकड्यापाठोपाठ कोणता येतो ते बघायचं आणि नवी जुळणी करायची. कोप एकदा प्रोग्रॅम चालू ठेवून बाहेर गेले आणि परतले तर बाखच्या धाटणीतली पाच हजार गाणी तयार!

‘मग ही कॉपीच की,’ असं तुमच्यातलं कुणीतरी नक्की म्हणणार. थांबा. त्याआधी फासे टाकूया.

हो, सापशिडीचे फासे. अठराव्या शतकात युरोपात फासे टाकून गाणी रचायचे खेळ लोकप्रिय होते. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावर छापला गेला. तो खरंच त्याने केला होता का, याबद्दल आजही वाद आहे. खेळ असा: नाचाच्या एका छोट्या गाण्याचे १६ कप्पे. प्रत्येक कप्प्यासाठी दोन फासे टाकायचे. बेरीज २ ते १२ मधली कोणतीही येणार, म्हणजे ११ शक्यता. तक्त्यात त्या बेरजेसमोर सुरांचा जो तुकडा असेल, तो लिहून काढायचा. सोळा वेळा फासे टाकले की गाणं तयार, आणि तेही चक्क बरं वाजतं! आता वहीत १६ वेळा ११ लिहा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. उत्तर सतरा अंकी येईल. काही कप्प्यांत तोच तुकडा पुन्हा पुन्हा दिलेला आहे, म्हणून वेगवेगळी गाणी त्याहून कमी भरतात. तरीही ती सगळी रात्रंदिवस वाजवत बसलात तर कोट्यवधी वर्षं लागतील.

फाशांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. सगळी अक्कल तुकडे लिहिणाऱ्याची. कोणत्याही तुकड्यापुढे कोणताही आला तरी कानाला खटकणार नाही, अशी काळजी त्याने आधीच घेऊन ठेवली होती.

यंत्र एक दिवस संगीत रचू शकेल, हे एडा लव्हलेस या इंग्रज बाईंनी १८४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. ज्या यंत्राबद्दल त्या बोलत होत्या, ते मात्र पूर्ण बांधून झालंच नाही. मग शंभरावर वर्षांनी, १९५७च्या सुमारास, इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी इलियाक नावाच्या अगडबंब संगणकाकडून ‘इलियाक सूट’ ही रचना करून घेतली. हिलर होते रसायनशास्त्रज्ञ! त्यांचा संगणक अंदाधुंद आकडे काढायचा. प्रत्येक आकडा म्हणजे एक सूर. मग तो सूर नियमांवर घासून बघायचा. बसला तर ठेवायचा, नाही बसला तर फेकायचा आणि पुढचा आकडा. जे उरलं ते दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो घेऊन चार वादकांनी वाजवलं. इथे ‘हे नको’ म्हणत होता संगणक, पण कशाला नको म्हणायचं ते ठरवलं होतं माणसांनी.

आजच्या यंत्रांना असे नियम कुणी लिहून देत नाही. मग त्यांना कळतं कसं? ते समजायला भूप गाऊया.

पेटी किंवा गाणं शिकणाऱ्यांना भूप राग माहीत असणारच. सा रे ग प ध. म आणि नी वर्ज्य. आता ‘सा रे ग’ म्हणून मी गप्प बसले तर पुढे काय येईल? प येईल, परत रे येईल, नाहीतर ग वरच रेंगाळता येईल. म? छे! तुम्हाला हा नियम कुणी सांगितलाच नसता आणि नुसता भूपच भूप ऐकवला असता, तरी तुमच्या कानांनी तो आपोआप टिपला असता. कृत्रिम बुद्धिमत्ता हेच करते, फक्त अफाट प्रमाणावर. तिला प्रचंड संख्येने गाणी ऐकवतात आणि पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारतात: पुढे काय? चुकलं की आतले आकडे किंचित बदलायचे आणि पुन्हा तोच प्रश्न.

पण यंत्राला सा रे ग ऐकू येत नाहीत, त्याला मिळतात आकडे. सीडीवरच्या एका सेकंदाच्या आवाजात ४४,१०० मोजमापं असतात. तीन मिनिटांच्या गाण्यात झाली ७९,३८,०००! एवढ्यांचा अंदाज एकेक करून बांधायचा तर यंत्राचाही घाम निघेल. म्हणून आधी आवाज दाबून आटोपशीर कोड बनवतात आणि यंत्र पुढच्या कोडचा अंदाज बांधतं. काही यंत्रांची तऱ्हा वेगळी असते. ती नुसत्या खरखरीपासून सुरुवात करतात आणि ती थोडी थोडी साफ करत गाणं बाहेर काढतात. ‘पावसाचं गाणं, ढोलकी हवी, मुलीचा आवाज’ असं लिहून दिलं की थोड्या वेळात गाणं हजर.

आणि गंमत म्हणजे फासे इथेही आहेतच. यंत्राच्या हिशेबात प येण्याची शक्यता जास्त, रे ची थोडी कमी, म ची जवळपास शून्य. मग ते या शक्यतांनुसार चिठ्ठी काढतं. म्हणूनच तीच मागणी दोनदा केली तरी दोन वेगळी गाणी येतात.

आता एक अवघड प्रश्न. देशकार नावाचा एक राग आहे. त्याचे सूर कोणते? सा रे ग प ध. अगदी भूपाचेच! तरीही जाणकार दोन मिनिटांत सांगतो की हा भूप नाही. भूपात महत्त्व ग ला, देशकारात ध ला. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. देशकार वरच्या अंगाने चालतो. भरपूर देशकार ऐकवला तर यंत्रही ही चाल टिपेल, त्यात मला शंका नाही. पण गुरुजी शिकवताना मध्येच हात वर करतात आणि म्हणतात, ‘हा भूप झाला, परत गा.’ तिथे तुम्हाला कळतं की सूर बरोबर होते, तरी ते नको होते. का नको, हे सांगता येणं आणि पटणं, इथून पुढे गाणं सुरू होतं. यंत्र शक्यता मोजतं, पण त्याला स्वतःला काही नकोसं वाटत नाही. एमीने पाच हजार गाणी केली खरी, पण लोकांना ऐकवण्याजोगी कोणती, ते शेवटी कोपच निवडायचे. पुढे तर त्यांनी एमीचा साठाच पुसून टाकला! पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढा बाख निघायला लागला तर त्याचं अप्रूप कुणाला राहणार? मला तो निर्णय पटतो.

मग या यंत्रांमुळे माणसांचं सुचणं वाढेल की आटेल? गाण्याबद्दल अजून पैज लावू नका, पण गोष्टींबद्दल एक छान प्रयोग झालाय. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर या संशोधकांनी तो २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ३०० जणांना छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या. काहींना कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कल्पना घ्यायची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा मिळालेल्यांच्या गोष्टी वाचकांना जास्त सरस वाटल्या. ज्यांना एरवी फारसं सुचत नाही, त्यांना तर चांगलाच फायदा झाला. इथपर्यंत झकास! पण सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा मदत घेतलेल्या गोष्टी एकमेकींसारख्या निघाल्या. एकेकटी गोष्ट सुधारली आणि सगळ्या मिळून एकाच वळणाच्या झाल्या. यंत्राची गाणी ऐकताना मलाही असंच वाटतं. ऐकायला गोड, विसरायला सोपी.

गाणाऱ्यांची तक्रार निराळीच आहे. यंत्र शिकलं कोणाच्या गाण्यांवर? त्यांना विचारलं होतं का? फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या हजाराहून अधिक संगीतकारांनी मिळून एक अल्बम काढला. त्यात एकही गाणं नाही! रिकाम्या स्टुडिओंमध्ये जे काही ऐकू येतं, तेवढंच ध्वनिमुद्रण. सरकार कायदा बदलून आमची गाणी यंत्रांना मोकळी करणार असेल तर उद्या हेच ऐका, असा तो निषेध होता. आपल्याकडे २०२५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या बाजूने आदेश दिला. त्यांच्या परवानगीशिवाय यंत्राने त्यांचा आवाज नकलायचा नाही. परवानगी घेऊनही काम होतं बरं का. ए. आर. रहमान यांनी २०२४च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा गायला लावले. पण आधी त्यांच्या कुटुंबांना विचारलं आणि मोबदलाही दिला.

कधी कधी तर यंत्र काही रचतच नाही, नुसती हमाली करतं, आणि मला ते फार आवडतं. बीटल्स या प्रसिद्ध चमूतल्या जॉन लेननचा आवाज एका जुन्या कॅसेटवर पियानोच्या आवाजात बुडून गेला होता. यंत्राने दोन्ही आवाज वेगळे केले आणि उरलेल्या साथीदारांनी २०२३ मध्ये ते गाणं पूर्ण केलं. ‘नाऊ अँड देन’ त्याचं नाव. त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

आता तुमच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी गाणं हवं असेल आणि घरात मोबाइल हाताशी असेल, तर मोह होणारच. जरूर वापरा. फक्त आधी चाल तुम्ही लावा, वेडीवाकडी का होईना, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मग यंत्राकडून त्याच शब्दांना चार चाली मागा. पाचही चाली वर्गात वाजवा, कोणती कोणाची ते सांगू नका आणि लोकांना मतं देऊ द्या. कोणती नको आणि का नको, हे प्रत्येकाकडून एका ओळीत लिहून घ्या. त्या ओळी आम्हाला पाठवा. सगळ्यात मजेशीर ओळी आपण पुढच्या अंकात छापू.