वाट चुकलेला नाकतोडा

ट्राउटच्या गळाला बांधायचा नकली किडा कुठलाही असो, इंग्रजीत त्याला 'फ्लाय'च म्हणतात. मुंगी असो, भुंगेरा असो की चांगला बोटभर नाकतोडा, सगळ्या माश्याच. त्यातला खरा मान मात्र मेफ्लायचा. पाण्यात वाढणारा, पंख फुटले की पृष्ठभागावर क्षणभर टेकून उडून जाणारा हा नाजूक जीव. त्याची नक्कल पाण्यावर म्हातारीच्या पिसासारखी उतरली पाहिजे, असा या खेळाचा जुना शिरस्ता आहे.

नाकतोड्याने तो शिरस्ता मोडला. तो मुळात पाण्याचा जीवच नव्हे. गवतातून उडी मारायची, पण पडणार कुठे याचा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. वाऱ्याचा झोत आला की स्वारी नदीत, तीही धप्पकन.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, यलोस्टोन नदीकाठच्या कुरणांत ऑगस्ट म्हणजे या किड्याची सुगी. पहाटे तिथे थंडी असते आणि नाकतोडे गारठून गवताला चिकटलेले असतात. हेमिंग्वेच्या १९२५ सालच्या 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या कथेतला निक त्यांना नेमका याच वेळी पकडून बाटलीत भरतो, कारण ऊन चढलं की ते हाती लागत नाहीत. (निकचे नाकतोडे जिवंत होते, त्यामुळे कट्टर फ्लायवाले त्याला आपल्या पंगतीला बसवणार नाहीत.) दुपारी वारा सुटतो, आणि काठाखाली पोखरलेल्या कपारीत दबा धरून बसलेला ब्राउन ट्राउट वर बघू लागतो. एरवी चिलटाएवढ्या किड्यांवर दिवस काढणाऱ्याला हे आयतं पक्वान्नच.

नाकतोड्याच्या नकलेचा नीट विचार झाला तो मात्र पूर्वेकडे, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या लेटॉर्ट ओढ्यावर. चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी, काचेसारखं नितळ. मासे डोळ्यांना दिसतात, आणि त्यांनाही माणूस दिसतो. इथे व्हिन्सेंट मरिनारो काठावर पालथा पडून पाण्याची पातळी न्याहाळत बसे. मासे खातात ते पुष्कळदा जमिनीवरून पडलेले किडे, हे त्याने १९५०च्या 'अ मॉडर्न ड्राय फ्लाय कोड' या पुस्तकात मांडलं. त्याची गाजलेली फ्लाय 'जॅसिड', म्हणजे आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्याच्या शिव्या खाणारा तुडतुडा. तिच्या पाठीवर आडवं बसवायचं पीस रानकोंबड्याच्या मानेचं, लाखेचा थेंब पडावा तशा चकचकीत ठिपक्याचं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. पुढे भारताने या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि तिकडचे बांधणारे हळहळले. आपल्या कोंबड्याचं मात्र भलं झालं.

नाकतोड्याची नक्कल त्याआधीही होती. मिशिगनच्या आर्ट विनीने बांधलेला हॉपर पश्चिमेत जो ब्रूक्सने लोकप्रिय केला आणि तो 'जोज हॉपर' झाला: पिवळं पोट, दोन्ही बाजूंना टर्कीच्या पिसाचे पंख, मानेभोवती कोंबड्याची ताठ पिसं. दिसायला झोकदार. पण या पिसांवर तो पाण्याच्या वर उचलला जातो, आणि खरा नाकतोडा पोटापर्यंत बुडालेला असतो. एड शेंकने १९६०च्या सुमारास बांधलेल्या लेटॉर्ट हॉपरमध्ये ती पिसं काढूनच टाकली. पायसुद्धा बांधले नाहीत. पिवळसर लोकरीचं पोट, त्यावर सपाट पंख आणि हरणाच्या केसांचं डोकं, एवढंच. पाण्याखालून बघणाऱ्याला जे दिसतं तेवढंच त्याने बांधलं. माझ्या मते सगळ्या हॉपरांत शहाणा हाच.

त्या डोक्याची करामत जवळून बघावी. हरणाचा केस आतून पोकळ, म्हणून तो तरंगतो. शेगड्यात गळ आवळलेला असतो. पेन्सिलीएवढा जाड झुबका त्यावर धरायचा, दोऱ्याचे दोन वेढे सैल द्यायचे आणि मग दोरा हळूहळू ओढायचा. दाब पडला की पोकळ केस मुडपतात आणि झुबका गळाभोवती गरकन फिरून फुलतो, साळिंदर बिथरावं तसा. दोरा जास्त ओढला तर तुटतो, कमी ओढला तर डोकं पुढे बोटात गोल फिरत राहतं. नखांनी केस मागे रेटून घट्ट करायचे, दुसरा झुबका, मग दाढीच्या पात्याने कापून बोथट, चौकोनी डोकं. टेबलावर कापलेल्या केसांचा ढीग बघून न्हाव्याचं दुकानच आठवतं. डेव्ह व्हिटलॉकने हेच डोकं 'जो'च्या अंगाला जोडलं. त्याच्या 'डेव्हज हॉपर'ला पुढे गाठी मारलेल्या पिसांचे गुडघेही आले.

नंतर फोम आला. युटातल्या ग्रीन नदीवरच्या वाटाड्यांनी काळ्या फोमच्या तुकड्याला रबराचे पाय बांधले आणि नाव ठेवलं 'चेर्नोबिल अँट'. ती मुंगी दिसत नाही, नाकतोडा तर नाहीच. तरी मासे तिच्यावर तुटून पडतात. फोम बुडत नाही, म्हणून त्याच्या गळाला हातभर दोरा बांधून खाली दुसरी बुडती फ्लाय सोडतात. वरचा नाकतोडा खाली गेला की समजायचं, खालची लागली. सोय आहे खरी. पण नाकतोड्याचं बूच झालेलं बघवत नाही.

फेक काठापासून वीतभर अंतरावर पडली पाहिजे, आणि इथे आवाज हवाच. मग दोरा सैल सोडून फ्लाय प्रवाहाबरोबर जाऊ द्यायची, मध्येच एखादा बारीक झटका. मोठा ट्राउट सावकाश येतो. कधी फ्लायखाली नाक लावून तिच्याबरोबर वाहत जातो, तोंड उघडतो, मिटतो, पाण्याखाली वळतो. ओढायचं ते तो वळल्यावर. तोंड उघडलेलं दिसताच हिसका देणाऱ्याच्या हाती ओला दोरा येतो.

मोंटानाच्या त्या कुरणांच्या प्रदेशात १८७०च्या दशकात रॉकी पर्वतातल्या टोळांच्या धाडी सूर्य झाकत. ती जात १९०२नंतर जिवंत दिसलेली नाही. मोंटानातल्या एका हिमनदीत मात्र त्यांची गोठलेली प्रेतं इतकी सापडली, की तिचं नावच ग्रासहॉपर ग्लेशियर पडलं. कुरणातले आजचे नाकतोडे इतर जातींचे. सप्टेंबरात पहिलं कडक दहिवर पडलं की तेही संपतात. त्यानंतरही काही दिवस वल्हेकरी होड्या काठाला धरूनच चालवतात, कारण गवत रिकामं झाल्याची खबर माशांपर्यंत अजून पोचलेली नसते.