दुष्काळाला तालुका, साथीला जिल्हा

ऑगस्ट २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात पुणे-नगर रस्त्यावरील दुकानदारांना एकाच रोगासाठी दोन निरनिराळी घड्याळे लावून देण्यात आली होती. वाघोली हे गाव त्याच वर्षीच्या जूनअखेर पुणे महापालिकेत समाविष्ट झाले होते. सबब ९ ऑगस्टपासून तेथील दुकाने रात्री आठपर्यंत उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. तोच रस्ता पुढे कोरेगाव भीमा येथे शिरूर तालुक्यात शिरतो. तेथे मात्र दुपारी चारला दुकान बंद करणे भाग होते. दोन्ही गावांतील अंतर पंधरा किलोमीटरही नसेल. आदल्याच दिवशी पालकमंत्री अजित पवार यांनी आढावा बैठकीनंतर पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांचे निर्बंध सैल केल्याचे जाहीर केले होते आणि ग्रामीण भागाला तिसऱ्याच स्तरात ठेवले होते. जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर आहे, हे त्याचे कारण. कारण खोटे नव्हते. परंतु हे प्रमाण कोणाचे? ते शिरूरचे नव्हते, दौंडचेही नव्हते. मावळापासून इंदापुरापर्यंत पसरलेल्या तेरा तालुक्यांचे ते एकत्रित प्रमाण होते.

या स्तरांचा जन्म ४ जून २०२१ च्या शासकीय आदेशात झाला. आदेश निघण्यापूर्वीच त्याची घोषणा झाली होती, हाही त्याच्या इतिहासाचा एक भाग आहे. तत्कालीन मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी ३ जून रोजी पाच टप्प्यांची योजना जाहीर केली आणि काही तासांतच शासनाला ‘प्रस्ताव अद्याप विचाराधीन आहे’ असा खुलासा करावा लागला. दुसऱ्या दिवशी रात्री जो आदेश बाहेर पडला, त्यात दोन मोजमापे होती. पहिले, तपासणी केलेल्या नमुन्यांपैकी बाधित किती. दुसरे, ऑक्सिजनच्या एकूण खाटांपैकी भरलेल्या किती. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. प्रमाण पाचच्या आत परंतु खाटा पंचवीस ते चाळीस टक्के भरलेल्या असतील तर दुसरा. प्रमाण पाच ते दहा टक्के, अथवा खाटा चाळीस टक्क्यांहून अधिक भरलेल्या असतील तर तिसरा. दहा ते वीस टक्के अथवा साठ टक्क्यांहून अधिक खाटा म्हणजे चौथा. आणि वीसच्या वर अथवा पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक खाटा म्हणजे पाचवा. दर गुरुवारी आरोग्य विभागाने आकडे जाहीर करावयाचे आणि सोमवारपासून त्यानुसार स्तर लागू व्हावयाचा, असा क्रम ठरला.

या आदेशाचे एक श्रेय निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले. तो अधिकार केव्हा, कोठे आणि कोणत्या मोजमापावर वापरावयाचा याविषयी तो कायदा जवळजवळ मौन पाळतो. प्लेगच्या वेळी पुणेकरांनी त्या मौनाची किंमत चांगलीच मोजली. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत लाल, नारिंगी आणि हिरवे असे जे रंग जिल्ह्यांना देण्यात आले, त्यांच्या कसोट्या सांगितल्या गेल्या होत्या, पण यादी दिल्लीहून येत असे आणि ती पडताळून पाहण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती नव्हते. त्या मानाने २०२१ चा आदेश हे एक उघड सूत्र होते. शिरूरच्या व्यापाऱ्याला गुरुवारचा आकडा वाचून सोमवारी आपले दुकान किती वाजता बंद होणार, हे स्वतःच ठरवता येत होते. लोकशाहीत ही गोष्ट लहान नव्हे.

दोष सूत्रात असण्यापेक्षा ज्या भूभागाला ते लावले त्यात होता. २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या महापालिका स्वतंत्र घटक ठरल्या आणि प्रत्येक जिल्ह्याचा उरलेला भाग हा दुसरा घटक ठरला. पुणे जिल्ह्यात या ‘उरलेल्या भागा’त सह्याद्रीच्या पावसाळी खोऱ्यांतील वेल्हे आले, चाकणच्या कारखानदारीचे खेड आले, बारामती-इंदापूरचा उसाचा पट्टा आला आणि भीमेच्या दोन तीरांवरील शिरूर व दौंडही आले. यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ते शहर नाहीत. नकारावर उभारलेला घटक हा मोजणीचा घटक होऊ शकत नाही. २०११ मध्ये शिरूर व दौंड या तालुक्यांची वस्ती प्रत्येकी पावणेचार ते चार लाखांच्या दरम्यान होती. आठ लाखांच्या आसपास माणसे ज्या दोन तालुक्यांत राहतात, त्यांचा स्वतःचा आकडा निर्णयाच्या सूत्रात कोठेही नव्हता.

गंमत अशी की याच महाराष्ट्र शासनाला दुसऱ्या एका संकटात तालुका आणि गाव चांगले दिसते. पैसेवारीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगावयास नको. पिकाची पैसेवारी गावागणिक काढली जाते आणि पन्नास पैशांच्या आत उतरलेल्या गावाला टंचाईग्रस्त मानण्याचा परिपाठ जुना आहे. दुष्काळाच्या कसोट्या अलीकडे बदलल्या. पर्जन्य, जमिनीतील ओलावा, पिकाची हिरवाई असे निर्देशांक आले. तरीही ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने दुष्काळ जाहीर केला तो चाळीस तालुक्यांत. त्यांत पुणे जिल्ह्यातील पाच तालुके होते आणि शिरूर व दौंड त्या पाचांत होते. मावळ-मुळशीच्या धो धो पावसाशी शिरूरच्या पावसाची सरासरी काढून ‘पुणे जिल्ह्यात पाऊस समाधानकारक’ असा निष्कर्ष कोणी काढला नाही. पुढे त्याच नोव्हेंबरात तालुकाही मोठा वाटून १,०२१ महसूल मंडळांना दुष्काळसदृश ठरवण्यात आले. पावसाला जे अंतर कळते ते रोगाला कळत नाही, असे मानण्याचे कारण काय?

एक कारण आहे, आणि ते कच्चे नाही. ढग माणसांबरोबर प्रवास करीत नाहीत, विषाणू करतो. रांजणगाव गणपतीच्या औद्योगिक वसाहतीत रोज पुण्याहून बसगाड्या येतात. सणसवाडी-शिक्रापूर हा पट्टा नावाने ग्रामीण असला तरी व्यवहाराने पुणे शहराचाच विस्तार आहे. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. राज्य राखीव पोलीस दलाचे गट तेथे आहेत. एप्रिल २०२० च्या अखेरीस मुंबईचा बंदोबस्त आटोपून परतलेल्या जवानांमध्ये लागण आढळली, तेव्हा दौंडचा आकडा खरे पाहता मुंबईचाच आकडा होता. अशा ठिकाणी तालुक्याची शीव ही भिंत नसते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात तो येथे लख्ख दिसतो. एका घटकाने दिलेल्या मोकळिकीची किंमत शेजारचा घटक मोजतो. म्हणून घटक जितका मोठा तितके हे परिणाम त्याच्या आत सामावले जातात, असा युक्तिवाद करता येतो.

इंग्लंडमधील केंट परगण्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये संपूर्ण केंट सर्वांत कडक श्रेणीत टाकण्यात आला, तेव्हा टनब्रिज वेल्ससारख्या तुलनेने निरोगी भागाच्या लोकप्रतिनिधींनी जोरदार तक्रार केली. स्वेल आणि थॅनेट येथील रुग्णसंख्येची शिक्षा आम्हांला का, हा त्यांचा प्रश्न होता. शिरूरच्या व्यापाऱ्याचा प्रश्न याहून वेगळा नव्हता. पण पुढे काय झाले? अधिक वेगाने पसरणारा, नंतर ‘अल्फा’ म्हणून ओळखला गेलेला विषाणूचा प्रकार त्याच परगण्यात पसरत होता आणि डिसेंबरअखेर केंटच काय, लंडनसह आग्नेय इंग्लंड बंद करावे लागले. तक्रार न्याय्य असूनही मोठ्या घटकाचा निर्णय अंती चुकीचा ठरला नाही.

मग जिल्हा हाच घटक योग्य, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही, कारण पुण्यात बाह्य परिणामांचा युक्तिवाद नेमका उलटा लावला गेला. ज्या शहराशी शिरूर-दौंडची रोजची ये-जा आहे, तेच शहर हिशेबातून वेगळे काढण्यात आले. आणि ज्या वेल्ह्याशी वा जुन्नरशी दौंडचा फारसा संबंध नाही, त्यांच्याशी त्याची सरासरी मांडण्यात आली. घटक मोठा झाला, पण ज्या कारणासाठी तो मोठा असावयास हवा ते कारणच बाजूला राहिले. खाटांचेही तसेच. ऑक्सिजनच्या खाटा मोठ्या संख्येने शहरात. ग्रामीण भागातला रुग्ण अत्यवस्थ झाला की तो शहराकडेच नेला जातो. शिरूरचा रुग्ण पुण्यात दाखल झाला तर भरलेली खाट शहराच्या खात्यावर पडते आणि बाधिताचा अहवाल ग्रामीण खात्यावर. एकाच माणसाचे असे दोन तुकडे करून दोन घटकांचे स्तर ठरणार असतील, तर त्या स्तरांना फार शास्त्रीय मानण्यात अर्थ नाही.

बाधितांचे प्रमाण हा आकडाही दिसतो तितका भोळा नाही. समजा, एखाद्या तालुक्यात आठवड्यात लक्षणे असलेल्या २०० जणांचीच तपासणी झाली आणि त्यांतील ३० बाधित निघाले. प्रमाण झाले पंधरा टक्के, म्हणजे चौथा स्तर. आता त्याच आठवड्यात कारखान्यातील लक्षणे नसलेल्या ४०० कामगारांची तपासणी केली आणि त्यांत ८ बाधित सापडले, तर एकूण ६०० पैकी ३८, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास, तिसरा स्तर. रोग तसूभरही हटलेला नाही. उलट आठ रुग्ण अधिक सापडले आहेत आणि निर्बंध मात्र सैल झाले आहेत. हे उदाहरण कल्पित असले तरी परिस्थिती कल्पित नाही. एप्रिल २०२१ च्या आदेशांनी अनेक प्रकारच्या कर्मचाऱ्यांना, त्यांचे लसीकरण होईपर्यंत, पंधरा दिवसांच्या मुदतीचे तपासणी प्रमाणपत्र बाळगण्याची सक्ती केली होती. ज्या तालुक्यात औद्योगिक वसाहत आहे तेथे अशा तपासण्या अधिक होणार आणि जेथे केवळ ऊस व कांदा आहे तेथे आजारी माणूसच दवाखान्याची पायरी चढणार, हे उघड आहे. दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत एका टोकाला आणि भीमाकाठचे बागायती पट्टे दुसऱ्या टोकाला; म्हणजे तालुक्याच्या आतही हा भेद आहेच.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले होते. एखादे मोजमाप नियंत्रणाचे साधन बनले की त्याची मोजमाप म्हणून असलेली विश्वासार्हता ढळू लागते, असा त्याचा आशय. राज्य शासनाने २ जून २०२१ रोजी, म्हणजे स्तरांच्या आदेशाच्या अवघ्या दोन दिवस आधी, ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिले बक्षीस पन्नास लाख रुपयांचे. हेतू चांगलाच होता. परंतु एकीकडे बक्षीस आणि दुसरीकडे चार वाजताची टाळेबंदी, दोन्ही एकाच आकड्यावर अवलंबून ठेवल्यावर तो आकडा कमी दिसावा असे गावाला वाटले तर दोष गावाचा नाही. २५ जूनच्या आदेशाने यापुढे केवळ आरटी-पीसीआर तपासणीच प्रमाणासाठी धरावी असे ठरले, कारण जलद अँटिजेन तपासण्यांत काही बाधित निसटतात. त्याच आदेशाने, डेल्टा प्लसच्या भीतीपोटी, आकडा काहीही असो, तिसऱ्या स्तराच्या खाली कोणीही उतरावयाचे नाही असेही ठरवून टाकले. पाच स्तरांचे सूत्र तीन आठवड्यांत तीन स्तरांवर आले. शासनाचा आपल्याच सूत्रावरील विश्वास तेवढाच टिकला.

यावर तालुका हा घटक करणे एवढाच उपाय सुचवणाऱ्यांनी लहान संख्यांचा उपद्रवही लक्षात घ्यावयास हवा. तालुक्यात आठवड्याला ५०० तपासण्या होत असतील तर पाच टक्के म्हणजे २५ बाधित. त्याऐवजी एखाद्या आठवड्यात २० वा ३० निघणे हा निव्वळ योगायोगाचा खेळ असू शकतो. आणि तेवढ्यावर बाजारपेठ एका सोमवारी उघडावयाची व पुढच्या सोमवारी मिटावयाची, हे व्यापाराला सरसकट निर्बंधांहूनही घातक. ज्याने उधारीवर माल भरला आहे त्याला कडक नियम एक वेळ परवडतो, रोज बदलणारा परवडत नाही. घोडनदीपलीकडच्या अहमदनगर जिल्ह्याने (आजचे अहिल्यानगर) ऑक्टोबर २०२१ मध्ये वेगळी वाट धरली. तेथील जिल्हाधिकाऱ्यांनी संसर्ग टिकून असलेली ६१ गावे निवडून ४ ते १३ ऑक्टोबर या काळात तेवढ्याच गावांत टाळेबंदी लावली. त्यात शिरूरला लागून असलेल्या पारनेर आणि श्रीगोंदा तालुक्यांतील गावेही होती. तेथे टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष रुग्णांची संख्या पाहिली गेली. निर्णय त्या गावांना कठोर वाटला असेल, पण तो का, हे प्रत्येक गावाला आपल्याच गल्लीकडे पाहून समजत होते.

११ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने राज्यानेही टक्केवारीचा नाद बराचसा सोडला. १५ ऑगस्टपासून राज्यभर सवलती मिळाल्या आणि कोविड रुग्णांसाठी ऑक्सिजनची गरज दिवसाला ७०० मेट्रिक टनांच्या वर गेली तर पुन्हा कडक टाळेबंदी, अशी नवी मर्यादा आली. २०२२ च्या मार्चमध्ये लसीकरणाचे प्रमाण ही कसोटी वर आली. पहिली मात्रा नव्वद टक्के आणि दुसरी सत्तर टक्के लोकांना देणाऱ्या चौदा जिल्ह्यांना अधिक मोकळीक मिळाली. त्यांत पुणे होते. घटक पुन्हा जिल्हाच! १ एप्रिल २०२२ पासून सारेच निर्बंध उठले आणि हा वाद तेथेच राहिला.

पुढील साथीसाठी तो आताच सोडवून ठेवणे शहाणपणाचे. घटक आखताना महसुली नकाशाऐवजी रोजच्या ये-जेचा नकाशा समोर ठेवावा. वाघोली ते रांजणगाव हा एक पट्टा. दौंड शहर, पाटस आणि कुरकुंभ हा दुसरा. मलठण, न्हावरे, मांडवगण फराटा यांसारखा शेतीप्रधान भाग वेगळा. आठवड्याऐवजी दोन आठवड्यांची सरासरी धरली तर योगायोगाचा उपद्रव निम्मा नाही तरी बराच घटेल. रुग्ण कोठल्याही रुग्णालयात असो, त्याची नोंद राहत्या गावाच्या खात्यावर व्हावी. आणि लक्षणे असलेल्यांच्या तपासण्या व प्रमाणपत्रापुरत्या केलेल्या तपासण्या यांचे आकडे एकत्र मिसळू नयेत. यासाठी नवे खाते नको. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ही माहिती गावागणिक असतेच. ती वर जाताना जिल्ह्याच्या बेरजेत विरघळते, इतकेच. हंगामी पैसेवारी जाहीर करून तीवर हरकती मागवण्याचा रिवाज महसूल खात्यात आहे. शिरूर आणि दौंडच्या तहसील कचेऱ्यांच्या फलकावर साथीचा आकडाही तसाच गुरुवारी लावता येईल, आणि हरकतीसाठी सोमवारपर्यंतचे तीन दिवस हाती राहतील.