घासणीचा लहान पट्टा कसा निवडावा?

मुंबईच्या ईशान्य टोकाला मुलुंड आहे. तेथे लालबहादूर शास्त्री मार्गावरील कित्येक जुन्या कारखान्यांच्या जागी आज उंच इमारती दिसतात. पण मुलुंडच्या आणि पलीकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या लहान गाळ्यांतून धातूचे काम अजून चालते. अशा गाळ्यात मेजावर बसणारे एक छोटे यंत्र हमखास आढळते. त्याला कारागीर ‘बेल्ट ग्राइंडर’ म्हणतात. खरखरीत कापडाचा अखंड पट्टा दोन चाकांवरून फिरतो आणि त्यावर लोखंड, पितळ घासले जाते. गावातल्या शाळेच्या कार्यशाळेत किंवा लोहाराच्या पडवीतही हे यंत्र उपयोगी पडेल. मात्र ते पारखून घेतले पाहिजे.

दुकानात गेलो की आपण पहिल्यांदा विचारतो, “मोटार किती ताकदीची?” त्याआधी विचारावे, “याचा पट्टा आमच्या गावी मिळेल का?” यंत्र एकदा घ्यायचे, पण पट्टे वारंवार लागतात. लहान यंत्रांत २५ मिलिमीटर रुंद व ७६२ लांब, किंवा १०० रुंद व ९१४ लांब ही मापे प्रचलित आहेत. विळे, खुरपी, चाव्या, लहान सांधे यांना अरुंद पट्टा बरा. सपाट पट्टी घासायची तर रुंद पट्टा हवा. मुंबईत खरेदी करायची असेल, तर मुलुंडहून लोकलने मशीद बंदरला उतरावे. जवळच नागदेवी स्ट्रीटचा हत्यारांचा बाजार आहे. यंत्राबरोबर पाच-सहा जादा पट्टे तेथूनच आणावेत.

दुसरा प्रश्न वेगाचा. हे गणित शिक्षकांनी मुलांकडून जरूर करून घ्यावे. चाकाचा व्यास १०० मिलिमीटर असेल, तर त्याचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर होतो. मोटार मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर पट्टा मिनिटाला सुमारे ८८० मीटर धावतो. १४०० फेऱ्यांची मोटार असेल तर ४४० मीटर. जाड लोखंड झटपट उतरवायला जास्त वेग चांगला. पण धार लावायची असेल तर कमी वेगच बरा.

असे का? तर उष्णतेमुळे. लोहार कोयत्याला पाणी देतो, तेव्हा पोलादात कठीणपणा येतो. पट्ट्यावर पाते दाबून धरले की पातळ धार क्षणात तापते. ती आधी पिवळसर होते, मग निळी पडते. निळी पडली म्हणजे सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि तेथले पाणी उतरले, असे समजावे. मग वरून कितीही चकाकी आणा, धार टिकायची नाही. म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवावी, हलका हात ठेवावा आणि पाते बोटाला गरम लागताच बुडवावे.

आता पट्ट्यावरच्या दाण्याविषयी. आपल्याकडे कुरुंदाचा दगड पूर्वीपासून धार लावायला वापरतात. आजच्या पट्ट्यांवर त्याच जातीचा दाणा असतो, पण तो बॉक्साइटपासून विजेच्या भट्टीत तयार करतात. तो पोलादाला उत्तम. पितळ, ॲल्युमिनियम यांना वाळू व कोक यांपासून बनवलेला सिलिकॉन कार्बाइडचा दाणा बरा. आपल्या काळ्या ‘वॉटर पेपर’वरही तोच असतो. घासणीची चाके बनवण्याचा कारखाना उरणजवळ मोरा येथे १९४१ साली निघाला. तेव्हा हा धंदा आपल्या भागाला नवा नाही.

नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक. १२० नंबरचा दाणा साधारण १२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा. २४० चा सुमारे ५८, ४०० चा ३५ आणि ६०० चा २६ मायक्रॉन. हा क्रम सोडू नये. १२० वरून एकदम ६०० वर उडी मारली, तर खोल चरे तसेच राहतात आणि चकाकीत उठून दिसतात. युक्ती सोपी आहे. प्रत्येक नंबराला घासण्याची दिशा आडवी बदलावी आणि आधीचे चरे पुरते गेल्यावरच पुढे जावे. ४०० पर्यंत पट्ट्यावर, पुढचे काम वॉटर पेपर पाण्यात भिजवून हातानेच करावे.

पावसाळ्यात पट्टे जमिनीवर ठेवू नयेत. खिळ्यावर टांगले तर मुडपतात, म्हणून जाड गोल खुंटीवर टांगावेत. चढवताना पट्ट्याच्या आतल्या बाजूचा बाण पाहावा. तो फिरण्याच्या दिशेलाच हवा.

शेवटी जिवाची गोष्ट. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मुखपट्टी हवीच. हातमोजे, पदर, सैल बाही यंत्राजवळ नको. उभ्या पट्ट्यावर धार लावताना ती वर नव्हे, पट्टा जातो त्या दिशेला, म्हणजे खाली ठेवावी. नाहीतर पाते पट्ट्यात रुतते. टेकण आणि पट्टा यांत बोट शिरेल एवढी फट नसावी. ॲल्युमिनियमची भुकटी किंवा लाकडाचा भुसा साचला असताना लोखंड घासू नये. ठिणगीने आग लागते. यंत्राला अर्थिंग असल्याची खात्री करूनच कळ दाबावी.

तेव्हा मंडळी, पट्टा मिळणारा, वेग जरुरीपुरता, नंबर क्रमाने आणि हात हलका, एवढे पाळले की लहान यंत्रही चोख काम देईल.